एकच माहिती चार कार्यालयांना चार नमुन्यांत: कालबाह्य आणि दुबार विवरणपत्रे बंद करण्याचा रीतसर मार्ग कोणता?

प्रश्नकर्ता: कार्यासन तीन

नमस्कार. मी राज्य शासनाच्या मुंबईतील एका क्षेत्रीय कार्यालयात आस्थापना शाखेचे काम पाहतो. वर्तणूक नियमांची जाणीव असल्यामुळे कार्यालयाचे नाव लिहीत नाही. प्रश्न तसा एका कार्यालयापुरता नाहीच.

आमच्या शाखेतून मासिक, त्रैमासिक आणि वार्षिक अशी अनेक विवरणपत्रे जातात. त्यांतील मंजूर, भरलेल्या आणि रिक्त पदांच्या माहितीचे उदाहरण घेतो. ही माहिती नियंत्रक कार्यालयाला मासिक नमुन्यात जाते, मंत्रालयातील प्रशासकीय विभागाच्या कार्यासनाला (त्या विषयाचे काम पाहणाऱ्या कक्षाला) निराळ्या नमुन्यात जाते, बिंदुनामावलीच्या (आरक्षणानुसार पदांच्या वाटपाच्या तक्त्याच्या) अनुषंगाने प्रवर्गनिहाय वेगळी द्यावी लागते आणि 1 जुलैच्या स्थितीनुसार अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या कर्मचारी माहितीकोषातही भरावी लागते. वेतन सेवार्थ या शासनाच्या संगणकीय वेतन प्रणालीतून निघते, म्हणजे कोणता कर्मचारी कोणत्या पदावर आहे हे शासनाला दरमहा आधीच ठाऊक असते. तरीही प्रत्येक नमुन्यात रकान्यांचा क्रम वेगळा आणि संदर्भ दिनांकही वेगळा असल्यामुळे चार ठिकाणी चार आकडे जातात, आणि मग ‘तफावतीचा खुलासा तात्काळ सादर करावा’ असे पाचवे पत्र येते.

याहून विचित्र प्रकार म्हणजे ज्या योजना केव्हाच बंद झाल्या त्यांची विवरणपत्रे. आम्ही वर्षानुवर्षे ‘निरंक’ (म्हणजे माहिती शून्य) असे लिहून ती पाठवतो. एखाद्या महिन्यात पाठवली नाहीत तर स्मरणपत्र येते, त्यानंतर वरिष्ठांच्या नावे अर्धशासकीय पत्र येते. परंतु पाठवलेल्या माहितीवर एकही शंका कधी विचारली गेल्याचे नस्तीत (फाइलमध्ये) आढळत नाही.

अशी विवरणपत्रे बंद करण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे, प्रस्ताव कोणत्या पद्धतीने मांडावा, आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर तो कोणाच्या माथी येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: माजी कक्ष अधिकारी, चेंबूर

आपला प्रश्न मी सेवेत असताना दोन्ही बाजूंनी पाहिला आहे, माहिती पाठवणारा म्हणूनही आणि मागवणारा म्हणूनही. मागवणाऱ्याची बाजू थोडक्यात सांगतो. नवीन अधिकारी कार्यासनावर आला की आधीच्याने सुरू केलेले विवरणपत्र बंद करण्याचे धाडस करत नाही, कारण ते का सुरू झाले हे त्याला माहीत नसते आणि उद्या अधिवेशनात तारांकित प्रश्न आला तर हाच आकडा लागेल अशी धास्ती असते. प्रत्यक्षात प्रश्न येतो तेव्हा मासिक विवरणपत्राची नस्ती कोणीही उघडत नाही. ‘आज दुपारपर्यंत माहिती द्या’ असा संदेश व्हॉट्सॲपवर येतो आणि तीच माहिती पुन्हा ताजी मागवली जाते.

आता मार्गाविषयी. पहिली पायरी म्हणजे प्रत्येक विवरणपत्राचे मूळ शोधणे. काही अहवाल अधिनियमाने किंवा नियमांनी बांधलेले असतात. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 25 खाली माहिती आयोगाच्या वार्षिक अहवालासाठी द्यावयाची माहिती या प्रकारातली आहे. ती आपण, आपले वरिष्ठ किंवा सचिवही बंद करू शकत नाहीत, त्यासाठी कायद्यातच बदल व्हावा लागतो. दुसरा प्रकार शासन निर्णय किंवा परिपत्रकाने सुरू झालेल्या विवरणपत्रांचा. ती ज्या विभागाने सुरू केली त्याच विभागाला पूर्वीचे आदेश अधिक्रमित करून, म्हणजे त्यांच्या जागी नवा आदेश काढून, बंद करता येतात. तिसरा प्रकार संख्येने सर्वांत मोठा असतो, असा माझा अनुभव आहे: कोणत्या तरी आढावा बैठकीत तोंडी सूचना झाली, त्यावरून एक पत्र निघाले, आणि बैठकीचा विषय संपल्यावरही नमुना मात्र चालूच राहिला. त्याला कोणत्याही आदेशाचा आधार नसतो.

नियतकालिक विवरणपत्रांची नोंदवही आपल्याकडे असेलच. नसेल तर ती कार्यालयीन कार्यपद्धतीनुसार असावयास हवी. तिच्यात मूळ आदेशाचा क्रमांक व दिनांक, प्रत्यक्ष उपयोग करणारे कार्यासन आणि हीच माहिती अन्यत्र कोठे जाते, असे तीन रकाने वाढवा. ज्या ओळीत आदेशाचा क्रमांक भरता येत नाही, त्या ओळीबाबत मागवणाऱ्या कार्यालयाला ‘संदर्भाधीन आदेशाची प्रत उपलब्ध करून द्यावी’ असे साधे, नम्र पत्र कार्यालय प्रमुखांच्या स्वाक्षरीने पाठवा. निम्मा प्रश्न या पत्राने सुटतो. मात्र स्वतःहून विवरणपत्र थांबवू नका. थांबवण्याचे पत्र वरून लेखी येईपर्यंत ‘निरंक’ जाऊ द्या.

आणखी एक गोष्ट सुचवतो. नमुने एक होण्यास वेळ लागेल, परंतु संदर्भ दिनांक एक करण्यास काहीच खर्च नाही. सर्व पदविषयक माहिती महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या स्थितीनुसार घ्यावी एवढे जरी ठरले तरी खुलाशांचा पत्रव्यवहार निम्म्याहून कमी होईल.

प्रतिसाद: शहरी आरोग्य केंद्र

मी मुंबईतील एका शहरी आरोग्य केंद्रात काम करते. आमच्याकडची अडचण काहीशी वेगळी आहे. येथे जुने अहवाल बंद न होता त्यांच्यावर नवे पोर्टल चढत गेले आहे.

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात पूर्वी एस, पी आणि एल असे तीन साप्ताहिक नमुने असत: संशयित रुग्ण आरोग्य कर्मचाऱ्याने, संभाव्य रुग्ण वैद्यकीय अधिकाऱ्याने आणि खात्रीचे रुग्ण प्रयोगशाळेने कळवायचे. आता एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर हीच नोंद रुग्णनिहाय होते. क्षयरुग्णाची नोंद निक्षय पोर्टलवर होते, माता आणि बालकांची स्वतंत्र पोर्टलवर होते. ज्या अर्थी प्रत्येक रुग्णाची वय, पत्ता आणि तपासणीचा दिनांक यांसह नोंद झाली, त्या अर्थी महिन्याची बेरीज यंत्रालाच करता यावी. तरीही त्याच रुग्णांची बेरीज आम्ही मासिक नमुन्यात हाताने करतो, ती एक्सेलमध्ये पाठवतो, आणि शेवटी छापील प्रतीवर सही-शिक्का करून टपालानेही पाठवतो. पावसाळ्यात हिवताप, डेंग्यू आणि लेप्टोचे रुग्ण वाढले की या बेरजा दैनिक होतात, म्हणजे रुग्ण जास्त असतात नेमक्या त्याच वेळी लिहिण्याचे कामही जास्त असते.

अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत असेच घडले. त्यांच्याकडे अकरा नोंदवह्या होत्या. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर आला, आणि अनेक ठिकाणी वह्या आणि ॲप दोन्ही चालू राहिले. त्यामुळे कोणतेही नवीन पोर्टल सुरू करणाऱ्या आदेशातच ‘या दिनांकापासून अमुक अमुक नमुने व नोंदवह्या बंद’ असे नावानिशी लिहिले पाहिजे. ‘कामकाज सुलभ होईल’ या मोघम वाक्याने काहीही बंद होत नाही.

प्रतिसाद: लोकप्रशासन, कालिना

अमेरिकेच्या संघराज्य शासनात हाच प्रश्न संसदेपुढे अनेकदा आला आहे. त्यांच्याकडे अहवाल मागवणारी मुख्य संस्था म्हणजे काँग्रेस, अर्थात तेथील संसद, आणि बहुतेक अहवाल कायद्यानेच मागवलेले असतात. त्यामुळे माजी कक्ष अधिकारी यांनी सांगितलेला पहिला प्रकारच तेथे मोठा आहे.

1995 मध्ये त्यांनी एक कायदा करून कित्येक अहवाल थेट रद्द केले, आणि प्रतिनिधिगृहाच्या सचिवालयाने तयार केलेल्या यादीतील नियतकालिक अहवालांची सक्ती काही अपवाद वगळून चार वर्षांनी आपोआप संपेल अशी तरतूद केली. कल्पना आकर्षक होती, कारण चालू ठेवायचे असेल तर कारण द्यावे लागेल, बंद करण्यासाठी नव्हे. परंतु मुदत संपण्याची वेळ आली तेव्हा उपयोगी अहवालही त्या जाळ्यात सापडले. मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, काँग्रेसला वर्षातून दोनदा द्यावयाच्या चलनविषयक अहवालाची कायदेशीर सक्ती 2000 मध्ये संपली आणि त्याच वर्षी नवीन कायद्याने ती पुन्हा आणावी लागली.

त्यानंतरची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. 2010 च्या कामगिरीविषयक सुधारणा कायद्याने प्रत्येक यंत्रणेला आपण काँग्रेससाठी तयार करत असलेल्या सर्व आराखड्यांची व अहवालांची यादी करावयास लावली, त्यांतील कालबाह्य किंवा दुबार कोणते ते ठरवावयास लावले, आणि तसे ठरवण्यापूर्वी तो अहवाल ज्या समितीकडे जातो तिच्याशी सल्लामसलत करण्याचे बंधन घातले. पहिल्या वर्षी एकूण अहवालांपैकी किमान 10 टक्के नावे या यादीत असलीच पाहिजेत, अशीही अट होती. नाहीतर प्रत्येक खात्याने आपले सर्वच अहवाल अत्यावश्यक असल्याचे कळवले असते. या प्रक्रियेतून 2014 मध्ये अहवाल रद्द करणारा आणखी एक कायदा झाला, तोही यादीच्या मानाने बराच आखूड. प्रत्येक अहवालामागे सभागृहात कोणी तरी उभा राहतोच.

आपल्याकडे 10 टक्क्यांची अट लागू केली तर काय होईल हे पाहण्याजोगे असेल. माझा अंदाज असा, की पहिल्या वर्षी सर्व कार्यालये बंद पडलेल्या योजनांची ‘निरंक’ विवरणपत्रे यादीत घालून 10 टक्के पूर्ण करतील. तेही काही कमी नाही.

प्रतिसाद: माहिती अधिकार, दादर

वरील सर्व प्रतिसाद अहवाल लिहिणाऱ्यांच्या बाजूने आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. शासनात कोणी वाचत नाही याचा अर्थ कोणीच वाचत नाही असा होत नाही. मुंबई महानगरपालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल प्रसिद्ध करते. तो पालिकेच्या किती अधिकाऱ्यांनी वाचला हे मी सांगू शकत नाही, परंतु पत्रकार, संशोधक आणि आमच्यासारखे नागरिक हवेचे, पाण्याचे आणि कचऱ्याचे आकडे वर्षानुवर्षे ताडून पाहतात ते त्यातूनच. 2016 मध्ये देवनारच्या कचराभूमीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील नव्या बांधकामांवर बंधन आणले. शहर किती कचरा निर्माण करते आणि त्यातील किती कचऱ्यावर प्रक्रिया होते हे लिखित नसते तर असा वाद नुसत्या दुर्गंधीच्या तक्रारीवर किती टिकला असता? मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांविषयीचा ब्रिमस्टोवॅड अहवालही 1993 पासून धूळ खात पडला होता आणि 26 जुलै 2005 च्या पुरानंतरच सर्वांना आठवला.

दुबार माहितीचे म्हणाल तर तेथे मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी महानगराला वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि नगरविकास विभागाला देण्यास सांगितले. प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांचा अहवाल निराळा, स्वच्छ सर्वेक्षणासाठीची माहिती निराळी, आणि पर्यावरण सद्यस्थिती अहवालातील प्रकरण निराळे. या सर्वांत आकडे एकच असावयास हवेत. ते एका ठिकाणी एकदाच प्रसिद्ध करा आणि ज्याला हवे त्याने तेथून घ्यावेत. माहिती अधिकार अधिनियमाचे कलम 4 नेमके हेच सांगते, की माहिती मागण्याची वेळ येऊ नये इतकी ती आपणहून उघड करावी. अमेरिकेचे उदाहरण आलेच आहे तर 2022 चा कायदाही सांगावा: काँग्रेसला सादर होणारे अहवाल एका सरकारी संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवण्याचे बंधन त्याने घातले.

माझे म्हणणे एवढेच, की कोणताही अहवाल बंद करण्यापूर्वी त्याच्या मागील काही वर्षांच्या प्रती संकेतस्थळावर टाकाव्यात आणि हरकतींसाठी मुदत द्यावी.

प्रतिसाद: माजी कक्ष अधिकारी, चेंबूर

दादरच्या सदस्यांची हरकतींची सूचना मला मान्य आहे, पण ब्रिमस्टोवॅडचे उदाहरण येथे लागू पडत नाही. तो एकदाच केलेला तांत्रिक अभ्यास होता. तो न वाचण्याचा दोष वेगळा. येथे चर्चा दरमहा जाणाऱ्या नमुन्यांची चालली आहे. कार्यासन तीन यांच्या रिक्त पदांच्या चौथ्या विवरणपत्रावर नागरिकांची हरकत येईल असे मला वाटत नाही.

प्रश्नकर्ता: कार्यासन तीन

सर्वांचे आभार. नोंदवहीत तीन रकाने वाढवण्याचे काम सुरू केले आहे आणि पहिल्याच पानावर मूळ आदेश न सापडणाऱ्या ओळी दिसत आहेत. लेखापरीक्षणाचा मुद्दा मात्र अनुत्तरित राहिला.

प्रतिसाद: माजी कक्ष अधिकारी, चेंबूर

लेखापरीक्षक अमलात असलेल्या आदेशांवर बोट ठेवतो. आदेश अस्तित्वात असताना आपण विवरणपत्र पाठवले नाही तर आक्षेप आपल्यावर येईल. आदेशाची प्रत मागितल्याचे पत्र, त्याला आलेले उत्तर किंवा उत्तर न आल्यास पाठवलेली दोन स्मरणपत्रे, आणि त्यावर कार्यालय प्रमुखांनी टिपणीत घेतलेला निर्णय हे सर्व एका नस्तीत असेल, तर उत्तर देण्याची जबाबदारी मागवणाऱ्या कार्यालयाकडे जाते. यासाठी स्वतंत्र नस्ती उघडा. आस्थापनेच्या सर्वसाधारण पत्रव्यवहारात ती पत्रे ठेवू नका. आणि अभिलेख वर्गीकरण करताना ही नस्ती ‘ड’ वर्गात टाकू नका. ती वर्षभरात नष्ट झाली तर पुढच्या अधिकाऱ्याला बंद केलेली विवरणपत्रे पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.