इराणी हॉटेल नक्की कोणाचं होतं?

धोबीतलाव_८४

‘बाहेर खाल्ल्याच्या आठवणी’ या धाग्यावर काल फ्लॅटव्हाइट यांनी लिहिलं: ‘इराण्याचं कौतुक आता पुरे. डुगडुगणाऱ्या खुर्च्या, पाकासारखा गोड चहा आणि पाणी मागितलं की खेकसणारा वेटर. माझी आठवण बाणेरच्या कॅफेतली आहे. लॅपटॉप उघडून दुपारभर बसले, मुलाखतीची तयारी पूर्ण केली, कोणी उठवलं नाही.’ तिथे दोन ओळींत उत्तर देववेना, म्हणून हा वेगळा धागा.

बाई, तुम्हाला का उठवतील? २८० रुपयांची कॉफी घेतलीत ना, ते त्या खुर्चीचं भाडं होतं. आम्ही मुंबईत धोबीतलावला कॉलेजात असताना खिशात जेमतेम बसभाडं असायचं. एक चहा आणि ब्रुन मस्का यावर तासन्‌तास बसायचो. ब्रुनचं कवच असं कडक की चहात बुडवला नाही तर टाळू सोलून निघायची. आतला पाव मऊ, वर लोण्याचा जाड थर आणि हवी असेल तर साखर. टेबलं संगमरवरी, खुर्च्या वाकवलेल्या लाकडाच्या, समोर मोठा आरसा. तीन माणसं बसली असतील तर चौथी खुर्ची रिकामी राहत नसे. वेटर अनोळखी माणसाला खुशाल तुमच्यासमोर आणून बसवायचा. कोर्टातला कारकून, गोदीतला माणूस, रेसचं पुस्तक चाळणारे बाबा. निघताना वेटर गल्ल्याकडे ओरडायचा, ‘आगे दो आदमी, साडेचार रुपया!’ संपला हिशेब. कयानी १९०४ चं, ग्रँट रोडचं मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. रेल्वे स्टेशनवर हिंदू पाणी आणि मुस्लिम पाणी वेगळं मिळत होतं, त्या काळात इराणहून आलेल्या या हॉटेलवाल्यांनी दार सगळ्यांना उघडं ठेवलं. ही काय चीज होती ते कळायला तिथे बसावं लागतं.

फ्लॅटव्हाइट

बसायला मिळालं असतं तर बसलो असतो. तुमच्या ‘सगळ्यांना’मध्ये बायका कुठे आहेत? कारकून, गोदीतला माणूस, रेसवाले बाबा. एक तरी बाई दिसली का त्या चौथ्या खुर्चीत?

माझी आई फोर्टात नोकरीला होती. एकदा पावसाने गाड्या बंद पडल्या, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, म्हणून जवळच्या एका इराण्यात एकटीच शिरली. वेटरचा पहिला प्रश्न, ‘साथ में कौन है?’ कोणी नाही म्हटल्यावर त्याने मागच्या फॅमिली रूमकडे बोट दाखवलं. म्हणजे लाकडी फळ्यांचं अर्धं पार्टिशन, शेजारी हात धुवायचं बेसिन, पंखा नाही. तिथपर्यंत चालत जाताना अख्खं हॉटेल मान वळवून बघत होतं. तिने चहा अर्धा टाकला आणि पावसात बाहेर पडली. परत कधीही इराण्यात गेली नाही.

२८० रुपये मी देते, कारण त्यात आतून कडी लागणारा स्वच्छ संडास मिळतो आणि मी कोणाबरोबर आले हे कोणी विचारत नाही. याला तुम्ही भाडं म्हणा नाहीतर आणखी काही.

परळकर_नातू

फ्लॅटव्हाइट ताई, आईंच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण सरसकट निकाल देऊ नका. माझे आजोबा गिरणीत होते, साच्यावर, म्हणजे मागावर. गावी त्यांना हॉटेलाबाहेर वेगळ्या कपात चहा मिळायचा आणि तो कपही स्वतःच विसळून ठेवायचा. मुंबईत आल्यावर नाक्यावरच्या इराण्याने त्यांना खुर्ची दिली आणि सगळ्यांना देतात त्याच कपातून चहा दिला. ही गोष्ट ते मरेपर्यंत सांगायचे. १९८२ च्या संपात घरात चूल पेटायची मारामार, तेव्हा त्याच इराण्याने वहीत लिहून पाव दिला.

तुम्हाला टेबल डुगडुगताना दिसतं. आमच्या घरात त्या टेबलाची किंमत वेगळी आहे.

हिशेबनीस

दोन्ही बाजू भावनेत वाहून चालल्या आहेत. इराणी स्वस्त होता, कारण जागेचं भाडं १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेलं होतं. कोपऱ्यावरची मोक्याची जागा, पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून घेतलेली, पुढे भाडं नावापुरतं. तेवढ्यावरच एका चहात दोन तास बसू देणं परवडत होतं. पुढची पिढी शिकली, परदेशी गेली, भागीदारांचे वाद झाले आणि जागेचा भाव आभाळाला भिडला. काहींनी तगायला बिअर विकायला सुरुवात केली, काहींनी जागा सोडली. आजच्या भाड्यात मस्का पाव विकून चालवून दाखवा.

आता खरा मुद्दा. नव्या कॅफेत बिलात गुपचूप दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावतात, त्यावर कोणी बोलेल का? ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलंय की तो आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये तेच उचलून धरलं. गेल्या महिन्यात ठाण्याच्या एका कॅफेत तो काढायला लावला, तर मॅनेजर म्हणाला, ‘सर, मग टेबल लवकर सोडा.’ मी काउंटरवर बिल दुरुस्त होईपर्यंत हललो नाही. तुम्हीही हलू नका.

धोबीतलाव_८४

हिशेबनीस, सर्व्हिस चार्जसाठी वेगळा धागा काढा.

फ्लॅटव्हाइट, फॅमिली रूम बायकांच्या सोयीसाठी होती. प्रत्येक गोष्टीत स्त्री-पुरुष आणायलाच हवं का? चांगल्या आठवणीला कुठून तरी डाग लावायचाच, ही आजकालची खोडच झाली आहे.

फ्लॅटव्हाइट

डाग मी लावला नाही, तो आधीपासून होता. तुम्ही ज्या खुर्चीत बसला होता तिथून तो दिसत नव्हता. सोय होती तर बेसिनशेजारी का? पुढे, खिडकीशी, पंख्याखाली का नाही?

माई_पार्ले

मी सत्तरीची आहे, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. आम्ही चार मैत्रिणी शाळेत शिक्षिका. पगाराच्या दिवशी इराण्याच्या फॅमिली रूममध्ये जायचो. ते झुलतं दार लागलं की पदर सैल करून बसायचं आणि मोठ्याने हसायचं. घरी सासू, शाळेत हेडमास्तर. तेवढी एकच जागा होती जिथे कोणी बघत नसे. ऑम्लेट मागवायचो, कारण आमच्या दोघींच्या घरी अंडं चालत नव्हतं. वेटरने कधी वाकडा शब्द काढला नाही, टेबलावर केकची बशी न मागता ठेवायचा आणि जेवढे खाल्ले तेवढ्यांचेच पैसे घ्यायचा.

तेव्हा त्या पार्टिशनला नुसती शिवी देऊ नये. मात्र धोबीतलाव, तुम्हालाही सांगते. एकटी कधी गेले नाही. चौघी असू तरच. आणि संडास नव्हताच, असला तर पुरुषांचा. घरून निघताना पाणी पीत नसू. हे तुमच्या आठवणीत यायचं कारण नाही, पण माझ्या येतं.

मांडवीकाठ

तुम्हा मुंबईकरांना कॅफे म्हटलं की इराणी सोडून काही आठवत नाही. आमच्या गोव्यात कॅफे म्हणजे सकाळची भाजी-पाव. पणजीत कॅफे भोसलेत आठ वाजता जा. पातळ भाजी, सुकी भाजी, मिक्स, बरोबर पाव नाहीतर पुरी, वर एक मिरची भजी आणि शेवटी बन. तिथेही टेबल वाटून घ्यावंच लागतं. बाजारात आलेल्या बायकाही पिशव्या पायाशी ठेवून खातात, कोणी पार्टिशन दाखवत नाही. लॅपटॉप उघडलात तर मात्र मागे उभी असलेली माणसं तुमच्याकडे बघत राहतील, आणि बरोबरच आहे. लोकांना ऑफिस गाठायचं असतं.

फ्लॅटव्हाइट

माई, पाणी न पिण्याचं वाचून थांबले. आईही हेच सांगते. मुंबईत बायकांना २०११ मध्ये ‘राइट टू पी’ म्हणून मुतारीच्या हक्कासाठी चळवळ उभारावी लागली, यातच सगळं आलं. चौघींना मिळालेली मोकळीक खरी होती, हे मान्य करते. आईला ती मिळाली नाही, हेही तितकंच खरं.

परळकर, तुमच्या आजोबांच्या कपाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एक विचारायचं आहे. तुमच्या आजी जायच्या का तिथे?

परळकर_नातू

रात्री आईला फोन करून विचारलं. आजी जात नव्हती. आजोबा पाव कागदात बांधून आणायचे. आजी म्हणायची, तिथे सगळे साच्यावरचे पुरुष, आपण कशाला? आई मात्र लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून खारी खायची, वयात आल्यावर तिचंही जाणं बंद झालं.

म्हणून मी आजोबांची खुर्ची परत देणार नाही. ती मिळवायला त्यांना गाव सोडावं लागलं होतं. पण ‘सगळ्यांना दार उघडं’ हे वाक्य यापुढे मीही जपून वापरीन.

धोबीतलाव_८४

आजच्या पोरी इराण्यात पुढच्या टेबलावर एकट्या बसतात, चहा पितात, पुस्तक वाचतात. कोणी काही म्हणत नाही. मग आता भांडण कशाचं?

फ्लॅटव्हाइट

संडासाचं. मागच्या आठवड्यात एका जुन्या इराण्यात गेले होते, ब्रुन खरंच उत्तम होता, तेवढं तुम्हाला देते. संडास विचारला तर गल्ल्यावरच्या काकांनी स्टेशनकडे हात केला.

हिशेबनीस

आणि बिलात सर्व्हिस चार्ज होता का?

फ्लॅटव्हाइट

नव्हता.

धोबीतलाव_८४

कोणता इराणी ते व्यक्तिगत निरोपात कळवा. मी दर शनिवारी फोर्टात असतो, मालकांशी बोलतो. तुम्ही स्वतः आलात तर जास्त बरं. माझं एकट्याचं ऐकून ते भिंत फोडणार नाहीत.