क्शिझोवाचा समेट: हिटलरविरोधकांचं देणं की सोयीची जागा?

जुना_नकाशा
पोलंड-जर्मनी सलोख्याचा विषय निघाला की क्शिझोवाचं नाव येतंच. हे सिलेशियातलं गाव; 1945 पर्यंत जर्मनीत होतं आणि तेव्हा त्याचं नाव क्रायझाऊ होतं. हेल्मुट जेम्स फॉन मोल्टके यांची इथे जहागीर होती. त्यांच्या हिटलरविरोधी गटाच्या तीन मोठ्या बैठका इथे झाल्या : मे 1942, ऑक्टोबर 1942 आणि जून 1943. पुढे 12 नोव्हेंबर 1989 ला याच आवारात पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल आणि पोलंडचे पंतप्रधान माझोव्येत्स्की एका प्रार्थनेत गळाभेट घेतात. यातून ‘प्रतिकाराचं रोप लावलं, समेटाचं फळ आलं’ असं चित्र रंगवलं जातं. मला ते पटत नाही.

कोल यांना मुळात प्रार्थना हवी होती सिलेशियातल्याच आन्नाबेर्ग टेकडीवर, तिथले बिशप नोसोल यांच्या निमंत्रणावरून. 1921 च्या तिसऱ्या सिलेशियन उठावात त्याच टेकडीवर पोलिश आणि जर्मन लढले होते. पोलंडमधून गदारोळ झाला आणि मग क्रायझाऊ पुढे आलं. पर्याय म्हणून निवडलेल्या जागेला नंतर वारसा चिकटवला गेला.

आणि प्रतिकारातले सगळेच पोलंडचे मित्र होते का? हिटलरविरोधकांच्या दुसऱ्या, जुन्या वळणाच्या गटाचे पुढारी ग्योर्डेलर यांना पूर्वेला 1914 ची सरहद्द परत हवी होती. 1944 मध्ये हिटलरवर बॉम्ब ठेवणारे श्टाउफेनबर्ग यांचं 1939 चं पोलंडहून लिहिलेलं पत्र तर पोलिश लोकांबद्दलच्या तुच्छतेनं भरलेलं आहे.

ओडरकाठ
एका दावणीला सगळ्यांना कशाला बांधता? ग्योर्डेलर क्रायझाऊ गटाचे नव्हतेच. जानेवारी 1943 मध्ये दोन्ही गट समोरासमोर बसले तेव्हा खटके उडाले. मोल्टके लष्करी गुप्तचर खात्यात आंतरराष्ट्रीय कायद्याचे सल्लागार. ओलिसांच्या हत्या, युद्धकैद्यांचे हाल यांचे कागद त्यांच्या टेबलावरून जात आणि ते आक्षेप नोंदवत. जून 1943 च्या बैठकीतला एक विषयच होता : कायदा पायदळी तुडवणाऱ्यांना शिक्षा. युद्ध चालू असताना, आपल्याच माणसांना, हे विसरू नका. 23 जानेवारी 1945 ला प्लोत्झेनझे तुरुंगात त्यांना फाशी दिली ती हत्येच्या कटात हात होता म्हणून नव्हे. विचार केला म्हणून.

जुना_नकाशा
मान्य, ग्योर्डेलर बाजूला ठेवू. पण शिक्षेचा मसुदा म्हणजे सरहद्दीचं उत्तर नव्हे, आणि पोलंडचं घोडं सरहद्दीपाशीच अडत होतं. 18 नोव्हेंबर 1965 ला पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना लिहिलं, आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो. मसुदा व्रोत्सवाफचे बिशप कोमिनेक यांचा. 5 डिसेंबरला उत्तर आलं, त्यात ओडर-नायसे रेषा, म्हणजे युद्धानंतरची जर्मनी-पोलंड सरहद्द, मान्य असल्याचा शब्द नाही. इकडे पोलिश सरकारनं ‘क्षमा मागायचा अधिकार कुणी दिला?’ म्हणून मोहीम उघडली आणि पोलिश चर्चचे प्रमुख कार्डिनल विशिन्स्की यांना पारपत्र नाकारलं. दोन्हीकडून मार खाल्ला तो पोलिश धर्मगुरूंनी. श्रेय मात्र फाशी गेलेल्या जर्मन सरदाराला!
(आणि गळाभेटीनंतर सोळाच दिवसांनी कोल यांनी जर्मन एकीकरणाची दहा कलमी योजना मांडली, तीतही सरहद्द गायब. सरहद्दीचा करार झाला 14 नोव्हेंबर 1990 ला.)

तिसरी_घंटा
दोघेही जागा विसरताय. 1945 नंतर ती सरकारी शेती होती, वाडा मोडकळीला आलेला. ती उचलली सामान्य लोकांनी, कोल येण्याआधी. जून 1989 च्या सुरुवातीला व्रोत्सवाफच्या कॅथलिक बुद्धिजीवी मंडळानं बोलावलेल्या परिषदेत दोन्ही जर्मनींतले आणि इतर देशांतले लोक होते; तिथेच क्शिझोवात भेटीचं केंद्र करायचं ठरलं. पूर्व जर्मनीतून आलेल्यांत प्रायश्चित्त-सेवा (Aktion Sühnezeichen) या नाझी गुन्ह्यांचं प्रायश्चित्त म्हणून सेवा करणाऱ्या जर्मन संस्थेच्या परंपरेतले लोक होते. ती संस्था 1958 ला लोथार क्रायसिग यांनी काढली; नाझींनी केलेल्या मनोरुग्णांच्या हत्यांना विरोध करणारे हे न्यायाधीश. म्हणजे प्रतिकाराचा धागा आहे, पण तो एकट्या मोल्टकेंचा नाही.

पैशाची गोष्टही शिकण्यासारखी आहे. 1975 मध्ये पश्चिम जर्मनीनं पोलंडला दिलेल्या एक अब्ज मार्कच्या कर्जाचा मोठा भाग जर्मनीनं माफ केला आणि उरलेला पोलंडनं झ्लोटीत एका संयुक्त निधीत भरायचा, असं ठरलं. म्हणजे देशाबाहेर जाणारं परकीय चलन वाचलं. त्या निधीतून वाडा, तबेले, कोठारं दुरुस्त झाली आणि 1998 ला युवक केंद्र सुरू झालं.

ओडरकाठ
त्यात फ्राया फॉन मोल्टके यांचं वजन धरा. नवऱ्याची पत्रं मधमाश्यांच्या पेट्यांत लपवून त्यांनी वाचवली. नंतर त्यांनी केंद्राला पाठिंबा दिला, वाडा परत मागितला नाही. सिलेशियातून घालवलेल्या जर्मनांच्या संघटना मालमत्तेवरून भांडत असताना ही भूमिका साधी नव्हती.

जुना_नकाशा
इथे मात्र हार. पण घालवलेल्यांची गोष्ट निघालीच तर पुढची ओळही लिहा : सिलेशियात वसवलेल्या पोलिशांपैकी पुष्कळ जण पूर्व पोलंडमधून उखडलेले. त्याच पूर्वेकडून 1940 मध्ये सोव्हिएतांनी सैबेरियात हाकललेल्यांपैकी काही हजार लोक 1943 नंतर कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. पण क्शिझोवाच्या भाषणांत जर्मन आणि पोलिश असे दोनच पक्ष ऐकू येतात. मॉस्कोनं आखलेली रेषा दोघांच्याही घरांवरून गेली होती.

तिसरी_घंटा
म्हणूनच मूळ परिषदेत फक्त दोन देश नव्हते. आवारात बर्लिन भिंतीचा तुकडा ठेवलाय, तोही बघा.