कॉमिक्स कट्टा : मे महिन्यात कोणी काय वाचलं

ओंकार (बी-४०३): चला मंडळी महिना संपला, नेहमीप्रमाणे सांगा कोणी काय वाचलं. मी आधी सांगतो. दुपारी बारा ते पाच होटगी रोडला कुत्रं पण दिसत नव्हतं इतकं ऊन, त्यामुळे वाचन दणकून झालं. वन पीस ही जपानी कॉमिक परत पहिल्यापासून धरलीय, वॉटर सेव्हनपर्यंत आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओडा नावाचा माणूस १९९७ पासून ही एकच गोष्ट सांगतोय, शंभरच्या वर खंड झाले तरी संपली नाही. वॉटर सेव्हन म्हणजे पाण्यातलं शहर, गल्लीबोळाच्या जागी कालवे, लोक माशासारख्या घोड्यावर बसून बाजाराला जातात

रेहान (सी-३०३): सोलापुरात मे महिन्यात बसून हे वाचायलास, जिगर लागते बे 

सेक्रेटरी काका: पाण्यावरून आठवलं. उद्या पहाटे पाणी येणार असं कळतंय. टाकी भरली की मोटार बंद करावी, मागच्या वेळी सी विंगची टाकी अर्धा तास वाहत होती.

रेहान (सी-३०३): काका ते मेन ग्रुपवर टाका की, हा कॉमिक्सचा ग्रुप आहे

सेक्रेटरी काका: तिकडे कोणी वाचत नाही. इथे सगळे वाचतात.

अण्णा (ए-१०४): ओंकार तू दिलेलं जपानी पुस्तक पाहिलं. उजवीकडून डावीकडे वाचायची मला अडचण नाही, लहानपणी शेजारी उर्दू पेपर यायचा, बघून बघून नजर तयार झालेली. अडचण अक्षराची आहे, मुंगीएवढं छापलंय. मी आपला वेताळच, म्हणजे इंग्रजीतला फँटम, काढला. माळ्यावर इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे होते त्यातले वाळवीनं सोडलेले झटकून घेतले, पंखा फुल करून गादीवर आडवा पडून एकेक चालू केला

वैशाली काकू (बी-१०२): अण्णा मराठीतले आहेत का? आमच्याकडे नव्या पेठेतून भाड्यानं आणायचे माझे भाऊ, एका दिवसात परत द्यायचं म्हणून तिघं भावंडं एकाच पुस्तकात डोकं घालून वाचायचो, ज्याचं वाचून व्हायचं त्यानं पान उलटलं की बाकीचे बोंब मारायचे. मला त्यातल्या बहादूर या हिरोपेक्षा त्याची साथीदार बेला आवडायची, मारामारीत मागं राहायची नाही.

अण्णा (ए-१०४): मराठी पण आहेत हिंदी पण. बहादूर हा आबिद सुरतींचा, १९७६ ला आला, तोवर सगळे बाहेरचेच होते. वेताळ, मँड्रेक, दोन्ही ली फॉकचे. आता परत वाचताना एक गोष्ट खटकली ती सांगतो. वेताळ मुळात अमेरिकेत पेपरात यायचा, १९३६ पासून, रोज दोन-तीन चौकटींची पट्टी. पेपरचा वाचक काल वाचलेलं विसरलेला असतो म्हणून पहिल्या चौकटीत कालचं थोडं परत सांगायचं. इंद्रजालवाल्यांनी त्याच पट्ट्या पुस्तकाच्या पानावर बसवल्या, त्यामुळे वेताळ गुहेकडे निघालाय हे एकाच पानात दोनदा कळतं. लहानपणी हे एकदाही लक्षात आलं नाही, आता दर पानाला दिसतं

अण्णा (ए-१०४): पण वेताळ काढणाऱ्या साय बॅरीचा हात काय सुंदर वो. जंगल नुसतं काळ्या शाईच्या फटकाऱ्यात उभं केलंय. 

श्रुती ताई (ए-२०१): अण्णा मला तो गठ्ठा बघायचाय, शाळेत मुलांना ब्रशची रेघ दाखवायला काहीच नसतं माझ्याकडे, सगळी पोरं टॅबवर काढतात आणि रेघ जाड-बारीक कशानं होते तेच कळत नाही त्यांना

अण्णा (ए-१०४): ये की. पण घरी बसून बघायचं, न्यायचं नाही.

रेहान (सी-३०३): मी राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव. प्रतिशोध की ज्वाला पासून परत. १९८७ चं आहे, सर्कस जळते, आईबाप जातात, पोरगं उरतं, आणि त्याच्याकडं पॉवर म्हणून काय नाही, नुसतं डोकं आणि सर्कशीत शिकलेल्या कसरती, प्राण्यापक्ष्यांशी बोलता येतं तेवढं. अनुपम सिन्हा स्वतःच लिहायचे स्वतःच काढायचे. नागराज पण वाचला पण खरं सांगू, नागराज आता वाचवत नाही लई, विषारी फुंकर मारली की विषय संपला, मग टेन्शन कशाचं. ध्रुवला प्रत्येक वेळी आसपास काय पडलंय त्यातनं मार्ग काढावा लागतो

ओंकार (बी-४०३): नागराजला नाव ठेवायलास, तुझ्या वहीवर नागराजचे स्टिकर होते विसरलास का

रेहान (सी-३०३): स्टिकर होते, अजून आहेत. चित्रं भारीच आहेत ना. सुरुवातीचे किती तरी अंक प्रताप मुळीकांनी काढलेत, आपला मराठी माणूस

श्रुती ताई (ए-२०१): तेच मुळीक अमर चित्र कथेत पण. दोन्ही शेजारी ठेवून बघ, पौराणिक राजाचे दंड आणि नागराजचे दंड एकाच तालमीतले वाटतात

सर (सी-१०१): रोचक माहिती. सुप्पांडी काढणारे राम वाईरकर आणि शिकारी शंभू काढणारे वसंत हळबे हेही मराठीच. टिंकल १९८० साली सुरू झाले. इंग्रजी मासिक म्हणून आपण विकत आणत होतो पण त्यातली निम्मी चित्रे आपल्याच माणसांच्या हातची.

वैशाली काकू (बी-१०२): टिंकलचं काय सांगू, आरवला सुट्टीत घेऊन दिले, तर हा अख्खा अंक जेवणाच्या ताटावर संपवतो आणि हात धुवायच्या आत विचारतो पुढचा कुठंय. चिंटूची पुस्तकं दिली तीही तशीच, पप्पू, मिनी, बगळ्या सगळे एका दुपारीत खलास. आम्ही चिंटू रोज एक वाचायचो, १९९१ ला सकाळमध्ये सुरू झाला तेव्हापासून, सकाळी पेपर आला की आधी तेवढंच, आणि मग दिवसभर पुरायचं ते. हा एका बसणीत वर्षभराचे चिंटू वाचतो, त्याला हसू तरी कुठल्या कुठल्या चिंटूचं येणार?

ओंकार (बी-४०३): काकू त्याचा स्पीड चांगलाय, माझ्या यादीत त्याला घ्या, महिन्याला किती झाले ते मोजू, मी एक्सेलमध्ये ठेवतो सगळं, खंड, पानं, कुठल्या तारखेला संपलं

श्रुती ताई (ए-२०१): तुझ्या त्या एक्सेलमुळेच मी गेल्या महिन्यात काही बोलले नाही. माझं मे मध्ये एकच पुस्तक झालं आणि ते पण वाचून झालं असं म्हणवत नाही.

रेहान (सी-३०३): एकच? ताई तुमच्या शाळेला सुट्टी होती ना

श्रुती ताई (ए-२०१): होती. भीमायन घेतलं होतं. बाबासाहेबांवरचं, २०११ चं, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, परधान गोंड आदिवासी कलाकार आहेत दोघं. ओंकार तू म्हणशील शंभरएक पानांचं पुस्तक, तासाभराचं काम. पण त्यात चौकटीच नाहीत रे. त्यांनी चौकटी घालायला चक्क नकार दिला, माणसांना खोक्यात कोंबायचं नाही म्हणून. आपल्याकडे भिंतीवर-अंगणात जशी नक्षी काढतात तशी त्यांची दिगना नावाची नक्षी आहे, ती पानभर वळत जाते आणि तिच्या वळणावळणात गोष्ट पुढं सरकते. आता डोळा कुठून कुठं न्यायचा हे आपल्यालाच ठरवावं लागतं, म्हणून वेळ लागतो

श्रुती ताई (ए-२०१): आणि बोलण्याचे फुगे बघा. ज्याला शिवू देत नाहीत, ज्याला पाणी नाकारतात, त्याचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात. आणि जो टोचून बोलतो त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. म्हणजे अक्षर वाचायच्या आधीच तुम्हाला कळतं की आता डंख बसणार. लहान भीम भावंडांबरोबर साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघतो, मसूरला उतरतात, कपडे चांगले बघून स्टेशनमास्तर आधी नीट बोलतो, जात कळल्यावर तोच मागं सरतो, एकही गाडीवान बसवून घ्यायला तयार नाही, वाटेत पाणी मिळत नाही. हा प्रसंग मी शाळेपासून ऐकलाय, भाषणात ऐकलाय, जयंतीला ऐकलाय. पण नांगी बघितल्यावर मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीच परत उघडलं

रेहान (सी-३०३): ताई मला पाहिजे हे

वैशाली काकू (बी-१०२): माझा नंबर आधी. रेहान नेतो ते परत येत नाही.

ओंकार (बी-४०३): ठीक आहे ताई पटलं, पण वन पीस असं वाचायचं ठरवलं तर मी रिटायर होईन. त्याला वेगच पाहिजे, आठवड्याला एक प्रकरण येतं, त्याची रचनाच पळवायची आहे, पान उलटलं की मोठ्ठं चित्र, परत पळ. त्यात पण थांबायच्या जागा आहेत. त्यांचं जहाज जळतं ना मेरी, तिथं मी पण थांबलो होतो, उगाच काय समजू नका

रेहान (सी-३०३): थांबला होता म्हणजे रडला होता, वाचा आणि समजून घ्या मंडळी

सर (सी-१०१): माझे वाचन कमीच. पण नातू पुण्याहून आला होता, त्याला अमर चित्र कथेतले डॉ. कोटणीसांवरचे पुस्तक वाचून दाखवले. मग म्हटले चल, गोष्टीतला माणूस आपल्याच गावचा आहे. भैय्या चौकात स्मारकात घेऊन गेलो. द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात जन्मले १९१० साली, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले त्यात ते होते, आणि १९४२ मध्ये तिकडेच गेले, वय अवघे बत्तीस. नातवाने विचारले आजोबा, ते लढाईत मेले का? म्हटले नाही, आजारपणात, काम करून करून. तर म्हणतो मग ते हिरो कसे, मारामारी कुठे केली. अर्धा तास उत्तर देत होतो.

अण्णा (ए-१०४): सर आमच्या गिरणीच्या पिढीला कोटणीस म्हटलं की शांतारामांचा सिनेमाच आठवतो. पोराला तो दाखवा.

सर (सी-१०१): दाखवला, झोपला. एक मात्र मला अमर चित्र कथेचे नेहमी खटकते, अनंत पै यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणतो. १९६७ पासून त्यांनी जे केले ते दुसऱ्या कोणी केले नाही. पण बत्तीस पानांत माणूस बसवायचा म्हणजे त्याचे घोटाळे, चिडचिड, घरचे प्रश्न सगळे गाळावे लागतात. जो तो जन्मापासूनच थोर.

श्रुती ताई (ए-२०१): आणि गोरा. वाईट माणूस काळा, राक्षस काळा. हे आपण लहानपणी किती गिळलंय

वैशाली काकू (बी-१०२): हो बाई हे खरंय, आरवनं पण एकदा विचारलं होतं

ओंकार (बी-४०३): अजून एक, फोनवर कोण कोण वाचतं? मी मांगा प्लस या जपानी कॉमिक्सच्या अ‍ॅपवर वाचतो, नवीन तीन प्रकरणं फुकट असतात आणि अधिकृत आहे, चोरीच्या साइटवर जायची गरज नाही, रेहान तुला सांगतोय

श्रुती ताई (ए-२०१): फोनवर भीमायन वाचून दाखव. पान म्हणजे एक चित्र असतं, अ‍ॅप एकेक तुकडा मोठा करून दाखवतं आणि पानाची मांडणीच जाते. वॉचमेन नावाच्या इंग्रजी कॉमिकसारखं पुस्तक, नऊ सारख्या चौकटींचं पान, मधेच तीन चौकटी जोडून एक मोठी केली की धक्का बसतो, तो धक्का फोनवर कसा बसणार, तिथं सगळंच सारखं मोठं

ओंकार (बी-४०३): आता अण्णा पण हेच म्हणणार, कागदाचा वास वगैरे

अण्णा (ए-१०४): मी कशाला म्हणू? माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. नातीनं टॅबवर काय काय घालून दिलंय, दोन बोटांनी ताणलं की वेताळाच्या अंगठीवरची कवटी लाडवाएवढी दिसते. रात्री लाइट गेली तरी चालतं. कागदाला वास येतो तो वाळवीच्या औषधाचा

रेहान (सी-३०३): अण्णा रॉक्स

श्रुती ताई (ए-२०१): मग तो गठ्ठा नेऊ द्या की मला, तुम्ही टॅबवर वाचताय तर

अण्णा (ए-१०४): ते वेगळं.

ओंकार (बी-४०३): बरं जूनचं बोला. माझ्याकडे न वाचलेली चळत टेबलापेक्षा उंच झाली आहे, सेल लागला की घेतो आणि मग परत वन पीसच उघडतो. जूनमध्ये नवीन काही विकत घ्यायचं नाही, फक्त एकमेकांचं वाचायचं, असं करू या का?

वैशाली काकू (बी-१०२): चालेल, चारशे-पाचशे रुपये एकेका पुस्तकाला, परवडत नाही. नियम करा, जेवताना वाचायचं नाही, शेंगा चटणीचे तेलाचे बोट पानाला लागतात. आमच्या आरवचं नाव आधीच लिहून घ्या गुन्हेगारांत.

सर (सी-१०१): नोंदवही मी ठेवतो. कोणी काय नेले, कधी आणले. शाळेत तीस वर्षे ग्रंथालय सांभाळले आहे.

रेहान (सी-३०३): झालं, आता दंड पण लागणार

सर (सी-१०१): लागणारच. पहिला तुलाच. माझे अ‍ॅस्टेरिक्स दिवाळीपासून तुझ्याकडे आहे.

सेक्रेटरी काका: क्लब हाऊसचे कपाट रिकामे आहे, त्यात ठेवा. पण चावी माझ्याकडे राहील. आणि त्यात मँड्रेकचे असतील तर वर ठेवावेत, खाली लहान मुलं फाडतात.

वैशाली काकू (बी-१०२): मँड्रेकचेच का हो भाऊजी?

सेक्रेटरी काका: सहज म्हटलं. मोटारीचं लक्षात ठेवा, पाच वाजता.

श्रुती ताई (ए-२०१): काकू भीमायन उद्या संध्याकाळी आणून देते. आरवला द्या पण आधी तुम्ही वाचा, आणि त्याला म्हणावं फुगे नीट बघ.

रेहान (सी-३०३): सर मी आत्ता अ‍ॅस्टेरिक्स घेऊन येतोय, दार उघडा, आणि नोंदवहीत दिवाळी लिहू नका प्लीज