मदत हवी आहे : बाबांच्या जठरातल्या शिरेत ग्लू भरला, आता दुसऱ्या खेपेला ते येत नाहीत

नमस्कार. आम्ही घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातले. बाबा ५९ वर्षांचे, बारा-तेरा वर्षांपासून शुगर. दारूचा थेंब नाही. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला रोज संध्याकाळी बसणारा माणूस. हे मुद्दाम आधी लिहितो, कारण खरं घोडं तिथंच अडलं आहे.

वेचणीच्या धांदलीत दोन दिवस त्यांना डांबरासारखं काळं, चिकट शौचाला होत होतं. सांगितलं नाही. तिसऱ्या रात्री ताटावरून उठले आणि मोरीत भडाभडा ओकले. आईनं बॅटरी मारली तर रक्ताच्या गाठीच गाठी. ती ओरडली, "काळीज पडलं रे!" जवळच्या एका दवाखान्यात अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन "सकाळी या" म्हणाले. त्यात दीड तास गेला, त्याचा राग अजून आहे. मग १०८ बोलावून यवतमाळ, तिथं रक्त आणि टर्लिप्रेसिन (शिरांमधला दाब उतरवून रक्तस्राव थांबवायचं औषध) सुरू करून नागपूर. हिमोग्लोबिन ५.८ होतं.

दुर्बीण टाकल्यावर कळलं, लिव्हर सिरोसिस आहे, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालंय. डॉक्टरांनी छान समजावलं : पाटाचं दार गच्च झालं की पाणी मागं तुंबतं आणि धुरा फोडून वाट काढतं, तसं लिव्हरकडे जाणारं रक्त तुंबून जठराच्या वरच्या भागातल्या शिरा फुगल्या. अन्ननलिकेतल्या शिरेला रबरी बँड लावतात, पण जठराच्या त्या भागातली शीर जाड आणि खोल, तिथं बँड टिकत नाही. म्हणून सुईनं सायनोअ‍ॅक्रिलेट ग्लू भरला. रक्ताला लागताच घट्ट होतो.

बाबा आता पानटपरीवर सांगतात, "माया पोटात फेविक्विक भरलं."

तीन आठवड्यांनी परत बोलावलं होतं, तारीख उलटून आठ दिवस झाले. म्हणतात, "मी काऊन जाऊ? मले आता काईच होऊन नाई रायलं." पण मला वाटतं कारण वेगळं आहे. वॉर्डात सगळ्यांसमोर त्यांना विचारलं गेलं, "किती वर्षांपासून पिता?" गावातही कुजबुज आहे, लपून पेत असन म्हणून. तेव्हापासून प्रार्थनेलाही मागं बसतात.

खरंच परत जाणं गरजेचं आहे का? आणि तिथून दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलच्या गोळीनं नाडी ५८ येते, आई घाबरून गोळी बंद कर म्हणते. करावी का?

वर्धेकर : मेडिसिनला काम करतो, पेशंट पाहिलेला नाही हे धरून वाचा. जायलाच हवं. एका खेपेत शीर पूर्ण बुजतेच असं नाही. परत दुर्बिणीतून शीर दाबून बघतात. कडक लागली तर ठीक, मऊ लागली तर पुन्हा भरतात. भरलेला ग्लू काही आठवड्यांनी, महिन्यांनी आपसूक गळून पडतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण खाली शीर उघडी असेल तर पुन्हा रक्त जाऊ शकतं. ग्लूनंही थांबलं नाही तर गळ्याच्या शिरेतून लिव्हरमध्ये नळी बसवायचा टिप्स नावाचा उपाय मोठ्या ठिकाणी असतो.

गोळी आपल्या मनानं बंद करू नका. नाडी ५५ ते ६० हवीच असते, शिरांमधला दाब त्यानंच कमी होतो. चक्कर आली किंवा वरचं बीपी ९० च्या खाली गेलं तर लगेच डॉक्टरांना फोन. गुडघे दुखले तरी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी आणून देऊ नका. आणि काळं शौचाला झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

बिनादारूचं सिरोसिस आता फार बघतो. शुगर, पोटाचा घेर, फॅटी लिव्हर. तुमचं डिस्चार्ज कार्ड वाचा, बहुतेक त्यात लिहिलेलं असेल.

दारव्ह्याची ताई : भाऊ, माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. रेशन कार्ड, आधार आणि जुनं डिस्चार्ज कार्ड घेऊन आधी जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला भेटा; या खेपेचं योजनेत बसतं का ते भरती होण्याआधीच विचारा. रात्री जेवण लवकर उरका, सकाळी उपाशी लागतात. शुगरच्या गोळीचं काय करायचं ते आधी फोनवर विचारून ठेवा, नाहीतर आमच्यासारखी रस्त्यात चक्कर यायची.

धागाकर्ता : दोघांचे आभार. कार्ड काढलं. इंग्रजीत दुसऱ्याच ओळीत होतं, दारूचा इतिहास नाही. काल रात्री बाबांना मराठीत वाचून दाखवलं. "पुन्हा वाच," म्हणाले. मग ती ओळ कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायला लावलं, आणि आज सकाळी कार्डाची झेरॉक्स मागितली. दोन प्रती. एक कशाला ते विचारलं नाही, पण पानटपरीकडे गेले होते एवढं खरं.

सोमवारी पहाटेची गाडी आहे.