मधुकर नक्की कोण, मधमाशी की भुंगा?

'माधुकरी' हा शब्द मधुकरावरून आला, इथवर ठीक. पण मधुकर म्हणजे कोण? फोड करावी तर 'मध करणारा'. कवितेत मात्र तो कमळात अडकलेला काळा भुंगा! तो कुठे मध करतो?

— नाहीच करत. लाकूड पोखरणारा काळा भुंगा कधी निरखून पाहा. वाशाला गिरमिटाने पाडल्यासारखं गोल भोक, खाली पिवळसर भुशाची छोटी रास. ना पोळं, ना मध. संस्कृत कवींनी मध चाखणारे नि मध करणारे असे सगळेच एका माळेत ओवले. षट्पद म्हणजे सहा पायांचा, त्या हिशेबाने मुंगीही षट्पदच! माझा आवडता 'द्विरेफ': भ्रमर या शब्दात दोन 'र' आहेत म्हणून हे नाव. किड्याकडे न बघता त्याच्या स्पेलिंगवरून बारसं!

— भागवताच्या अकराव्या स्कंधाचा आठवा अध्याय काढा. अवधूत म्हणजे विरक्त साधू, यदू राजाला आपले गुरू सांगतो, त्यात मधुकरही येतो. घराघरातून थोडं थोडं घ्यावं, कुणाला तोशीस लागू नये, ती 'माधुकरी वृत्ती'. लहानमोठ्या शास्त्रांतून सार टिपावं ते षट्पदासारखं. आणि संध्याकाळसाठी, उद्यासाठी साठवून ठेवू नये, नाहीतर साठ्यासकट नाश. इथे मात्र शब्द बदलतो: 'मक्षिका'. गुण गायचे तेव्हा मधुकर, नावं ठेवायची तेव्हा माशी!

— मक्षिकेवर अन्यायच झाला म्हणायचा. मी मधमाश्यांच्या पेट्या सांभाळतो, म्हणून राहवत नाही. हंगामात कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. तिने भरलेला मध बहुतेक वेळा तिच्या वाट्याला येतच नाही. फुलं नसतात त्या दिवसांत तिच्या मागून आलेल्या माश्या त्यावर तगतात. साठा करून माशी मरत नाही, साठा काढून नेणारा तिला मारतो. अवधूताने त्या मध नेणाऱ्यालाही वेगळा गुरू केलंय, हे विसरू नका.

— मूळ प्रश्नकर्ता पुन्हा: मग मधुकर मधमाशीलाच देऊ, भुंग्याला द्विरेफ पुरे.

— देऊ, पण लिंगाचं काय? फुलांवर हिंडून मकरंद आणणाऱ्या सगळ्या माद्या. नर त्या कामाला हातही लावत नाहीत. संस्कृतात 'मधुकरी' हा स्त्रीलिंगी शब्द तयार आहे, तोच घ्या.