लाटेमागे पळणारे छोटे पक्षी कोणते? आणि कुरवांच्या (सीगलच्या) शेपटीचा काळा पट्टा?

पहाटपावलं:
महिनाभर रोज पहाटे सहाला किनाऱ्यावर चालतेय. बुलबुलाएवढे पांढुरके पक्षी ओसरत्या लाटेमागे धावतात आणि ती परतली की उलटे पळतात. थोडं वर, कोरड्या वाळूत, तेवढेच दुसरे असतात. ते चार पावलं पळतात, थबकतात, टोचतात. पुस्तकात मला सगळे सारखेच करडे दिसतात. कुरवांच्या थव्यात प्रत्येकाच्या डोळ्यामागे काळा ठिपका आहे, पण शेपटीला काळा पट्टा मोजक्यांनाच. म्हणजे जाती दोन का? काल एक छोटा पक्षी एका पायावर उड्या मारत होता, त्याची फार काळजी वाटतेय. जवळ जाऊन बघावं तर थवाच उडतो.

ओलीवाळू:
रंग तूर्त बाजूला ठेवा, खाण्याची पद्धत बघा. लाटेमागे धावणारे सँडरलिंग. तुतवारांच्या (सँडपायपरच्या) कुळात मागचं बोट नसलेला हा बहुधा एकटाच, त्यामुळे ओल्या वाळूत पुढच्या तीन बोटांचाच ठसा उठतो. थबकणारे चिखल्या. मागचं बोट त्यांच्यातही बहुतेकांना नसतं, म्हणून नुसत्या ठशावर जाऊ नका. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे, तो भक्ष्य बघून टिपतो. तुतवार चोच वाळूत खुपसून स्पर्शाने शोधतात.

कुरव एकाच जातीचे असू शकतात. विणीच्या काळात डोकं गडद असतं, हिवाळ्यात त्यातला ठिपका उरतो. शेपटीचा पट्टा म्हणजे पहिल्या वर्षाचं पिल्लू. काळ्या आणि तपकिरी डोक्याच्या कुरवांत घोटाळा होतो, तेव्हा उडताना प्रौढाचे पंख बघा: टोकाच्या काळ्यात पांढरे ठिपके असले तर तपकिरी डोक्याचा, पंखाची पुढची कड पांढरी असली तर काळ्या डोक्याचा.

एक पाय पिसांत घेऊन हे पक्षी ऊब धरतात आणि तसेच उड्याही मारतात. थोडा वेळ थांबलात तर बहुधा दुसरा पाय खाली येईल.

भरतीरेषा:
कृपा करून थव्याकडे चालत जाऊ नका. सँडरलिंगची वीण आर्क्टिकमध्ये होते. इथलं खाणं तेवढ्या प्रवासाची शिदोरी आहे. दरवेळी उडाले की तीच खर्ची पडते. मीही कॅमेरा घेऊन वर्षभर त्यांच्या मागे धावले, आता वाईट वाटतं.

घड्याळापेक्षा भरती बघा, ती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. पाणी चढू लागलं की सूर्य पाठीशी घेऊन, त्यांच्या वाटेपासून बाजूला बसा. वाळू कमी होत जाते तसे तेच सरकत येतात.

पहाटपावलं:
आज पाऊण तास बसले. सँडरलिंग माझ्यापासून दहा पावलांवर आले! ते पुढे गेल्यावर ठसे पाहिले, तीन-तीन बोटं. पट्टेवाले कुरव सहा होते. एकाच्या पंखाची पांढरी कड अगदी स्पष्ट दिसली, बाकीचे उडालेच नाहीत. एका पायावाला मात्र सापडला नाही, उद्या पुन्हा बघते.