शब्दचर्चा: शृंगारिक, चावट, कामुक – नावाखाली कोणता शब्द छापावा?

वडगावची (मूळ विचारणा):
एका दिवाळी अंकात माझी कथा येतेय. संपादकांनी मुद्रित तपासायला पाठवलं, त्यात माझ्या टोपणनावाखाली ओळ आहे: 'चावट कथांच्या लोकप्रिय लेखिका'. मला ती बदलून घ्यायची आहे. पण बदली कोणता शब्द द्यायचा?

मी काय लिहिते ते आधी सांगते. माझ्या कथांत दोन जाणती माणसं एकमेकांच्या प्रेमात पडतात, आणि त्यांचं शरीरानं जवळ येणं हा कथेचा कणा असतो. ते प्रसंग काढले तर कथा उभी राहत नाही. शेवटाला दोघं एकत्र असतात, निदान तशी आशा असते. इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात याला इरॉटिक रोमान्स असं वेगळं नाव आहे. नुसती उत्तेजना देणारं लेखन निराळं. तिथं माणसं कुणीही चालतात, माझ्या कथेत माणूस बदलला की प्रसंगच बदलतो.

सध्याच्या कथेतली बाई चाळिशीतली विधवा आहे. नवऱ्यामागं आमच्या बेळगावच्या वडगावात घराच्या पुढच्या सोप्यात पॉवरलूम चालवते. माग दुरुस्तीला येणारा जॉबर तिच्याच वयाचा. माग सुरू असताना कानाशी तोंड नेल्याशिवाय शब्द पोचत नाही. तो कानाशी येऊन 'धोटा बदलायला पाहिजे' एवढंच सांगतो (धोटा म्हणजे मागात आडवा दोरा नेणारा भाग). दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच काही सांगतो, तिला नीट ऐकू आलेलं असतं, तरी ती 'काय?' म्हणते. त्या एका 'काय?'साठी मी तो प्रसंग कितीदा लिहिला असेन. पुढं जे घडतं ते मी दार बंद करून टाळलेलं नाही, पण ते सगळं त्या 'काय?'मधनं निघतं. आता या बाईवर 'चावट' असा शिक्का बसला तर वाचणारा तिच्याकडं कुठल्या नजरेनं बघेल?

निपाणीकर:
ताई, 'चावट'वर एवढा राग नको. आमच्या घरात वहिनी दिराला 'चावट कुठला' म्हणते तेव्हा त्यात माया असते. शब्द वाईट नाही, तो बोलण्याचालण्याचा आहे. जिभेनं, डोळ्यानं करायचा तो चावटपणा. लावणीत तो ठासून भरलाय आणि म्हणूनच लावणी गोड लागते. राम जोशी कीर्तनकार म्हणून गाजले आणि शृंगारिक लावण्याही त्यांच्याच.

वडगावची:
काका, घरातल्या 'चावट'शी माझं भांडण नाही, माझ्या पात्रांच्या तोंडी तो हमखास येतो. पण तो म्हणायला समोर माणूस लागतो, ज्याला तो म्हणायचा तो हसायला लागतो. पुस्तकावर छापल्यावर तिथं कुणीच नसतं. मग 'चावट पुस्तक' म्हणजे उशीखाली लपवायचं पुस्तक एवढाच अर्थ उरतो.

खानापूरचे गुरुजी:
'शृंगारिक' घ्या. भरतानं नाट्यशास्त्रात आठ रस मोजले त्यात पहिला शृंगार, त्याच्या मुळाशी असलेला स्थायीभाव रती, म्हणजे प्रेम. त्याचे दोन भाग सांगितले, संभोग आणि विप्रलंभ, म्हणजे विरह. आज 'संभोग' म्हटलं की आपल्याला एकच क्रिया आठवते, पण शास्त्रात तो अर्थ रुंद आहे: दोघं एकत्र असण्याचं सगळं सुख, बागेत फिरणं, बोलणं, बघणंसुद्धा. तुमचा तो कानाशी सांगितलेला धोटा भरताच्या हिशेबानं संभोग शृंगारातच बसतो.

आपल्या भाषेची तर सुरुवातच या वाटेवर आहे. हाल सातवाहन राजानं जमवलेल्या गाथासप्तशतीत महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, त्यांतल्या कितीतरी गाथांत बोलणारी बाईच. शेत, नदी, पाऊस, घरात सासू आणि मधूनच परगावचा वाटसरू. तुमच्या मागाच्या सोप्यापासून ते जग फार लांब नाही.

एक अडचण मात्र आपल्या भागातली. कन्नडमध्ये, आणि आपल्या बोलण्यातही, शृंगार म्हणजे सजवणं. देवीचा शृंगार, नवरीचा शृंगार. 'शृंगारकथा' वाचून कुणाला दागिन्यांची गोष्ट वाटायला नको, एवढंच.

गोकाकची:
मी कन्नड माध्यमात शिकलेली, घरी मराठी. 'कामुक' मात्र चुकूनही घालू नका. कन्नड पेपरात 'कामुक' हा शब्द छेड काढणाऱ्याला, अत्याचार करणाऱ्याला लावतात. बेळगावात माणूस सकाळी एक पेपर मराठी वाचतो, एक कन्नड. त्याच्या डोक्यात तो अर्थ आधी उभा राहणार.

वडगावची:
खरंय. मराठीतही 'कामुक नजर' म्हटलं की ती नको असलेलीच असते. वासना करणाऱ्या एकट्याचा तो शब्द आहे. 'प्रणय' चालला असता, पण त्यातला जीव निसर्गाच्या लेखांनी नेलाय, मोराचा प्रणयकाळ वगैरे. शिवाय 'प्रणयकथा' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, ऐन वेळी दिवा मालवला जाणार.

नामांपेक्षा मला रोज क्रियापदांशी झगडावं लागतं, तेही इथं मांडते. शरीराच्या अवयवांची नावं मराठीत एक तर वैद्यकाची, नाही तर पुराणातली, नाही तर शिवीतली. तिन्ही माझ्या बाईच्या तोंडी बसत नाहीत. पण क्रियापदं बघा. मिठी मारणं, मिठीत घेणं, मिठीत शिरणं, बिलगणं. पहिल्यात धसमुसळेपणा, दुसऱ्यात एकाचा पुढाकार, तिसऱ्यात जाणाऱ्याची मर्जी, चौथ्यात धीर शोधणं. कोण कुणाच्या मर्जीनं जवळ आलं हे वेगळं सांगावंच लागत नाही. 'त्यानं तिचा हात धरला' असं लिहिलं की ती वाक्याच्या कडेला उभी. 'तिनं हात दिला' म्हटलं की प्रसंग तिचा झाला. एका कथेत मी सगळे प्रसंग या एकाच कसाला लावून पुन्हा लिहिले, तेव्हा कुठं मला तो पुरुष आवडायला लागला.

तशीच जवळीक, सलगी, लगट, अंगचटीला येणं ही शब्दांची ओळ. जवळीक दोघांची. सलगी एकानं करायची आणि दुसऱ्यानं करू द्यायची. लगट म्हणजे समोरचा संकोचतोय तरी चाललेली. अंगचटीला येणं तर सरळ नकोच. आपल्या बायकांनी ही वजनं पिढ्यान्‌पिढ्या तोललेली आहेत. शृंगार लिहिणाऱ्याला ती नेमकी माहीत पाहिजेत, नाही तर प्रेमाच्या जागी लगट लिहिली जाते आणि वाचणारी बाई पान मिटून ठेवते.

गोकाकची:
सलगी! कन्नडमध्ये तोच शब्द 'सलिगे', अर्थही हाच, मोकळीक, जवळचेपणा. आणि एक द्यायचाय तुम्हाला: 'मुत्तु'. कन्नडमध्ये मोतीही मुत्तु आणि मुकाही मुत्तु.

वडगावची:
अक्का, हा मी घेतला. 'चुंबन' लिहिलं की वाक्य कोट-टोपी घालून बसतं, 'किस' कॉलेजच्या पोरांचा, 'पापा' लहान मुलांचा. 'मुका' मला आवडतो, पण मुंबई-पुण्याच्या वाचणाऱ्यांना तो रांगडा वाटतो. माझ्या जॉबरची आई कन्नड आहे, त्याच्या तोंडी 'मुत्तु' शोभेल.

बोलीवरूनही संपादकांशी एक वाद झाला. आपल्याकडं कोल्हापूरसारखंच बायका 'मी येतो', 'मी आलो' म्हणतात. मुद्रितात माझ्या नायिकेचं 'येतो' सगळीकडं 'येते' करून आलं. वाचलं तर ती बाई वडगावची राहिलीच नाही, कुठल्या तरी मालिकेतली झाली. शृंगारात माणूस सगळ्यात खरं बोलतो, तिथं तिची बोली पुसली तर उरतं काय? मी प्रत्येक 'येतो' परत लावायला सांगितलाय.

चिक्कोडीहून, वकील:
मॅडम, टोपणनाव ठेवलंय ते कायद्याच्या भीतीनं का? विचारतो कारण 'अश्लील' हा शब्द अजून चर्चेत आला नाही आणि खरा घाबरवणारा शब्द तोच. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९४. मराठी लेखकांना आठवावा असा खटला चंद्रकांत काकोडकरांचा. त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ते सुटले. एखादं लेखन अभिरुचीला न पटणं वेगळं आणि कायद्यानं अश्लील ठरणं वेगळं, हा त्यातला धडा. त्याआधी र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं, खटले सोसले, १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले.

खानापूरचे गुरुजी:
'अश्लील'चा मूळ अर्थ श्री नसलेलं, म्हणजे शोभा नसलेलं. काव्यशास्त्रात तो दोष आहे आणि त्याचे तीन प्रकार: लाज आणणारा, किळस आणणारा आणि अमंगल सुचवणारा. शृंगाराला कुणी अश्लील म्हटलेलं नाही. शब्द बेढब पडला तर तो अश्लील, मग विषय मरणाचा का असेना.

वडगावची:
गुरुजी, हे मला फार हवं होतं. वकीलसाहेब, टोपणनाव कायद्यासाठी नाही, घरासाठी. सासरी माहीत आहे, बोलत कुणी नाही. मी लिहितो रात्री, पण मोठ्यानं वाचून बघायचं असेल तर दिवसा माग चालू असताना वाचतो. कुणाला ऐकू जात नाही. वाक्य जिभेवर अडखळलं की तिथं खोट आहे हे कळतं. प्रेमाच्या प्रसंगात लय चुकली तर वाचणाऱ्याला आधी लय खुपते, प्रसंग मागाहून.

टोपणनावावर पत्रं येतात, बहुतेक बायकांची. 'पुढचा भाग कधी' हे तर असतंच. एकीनं विचारलं होतं, तुमच्या कथेतली बाई 'थांब' म्हणते आणि तो थांबतो, असं खरंच होतं का? तिला उत्तर लिहायला मला कथेपेक्षा जास्त वेळ लागला.

मग ठरलं. 'शृंगारिक' विशेषण एकटं नको, ते मासिकांच्या जाहिरातींनी झिजवलंय. 'शृंगारकथा' हे नाम घेते. दागिन्यांची शंका येणार नाही, कारण कथेचं पहिलंच पान मागाच्या सोप्यात उघडतं. संपादकांना ओळ कळवली: 'वडगाव-बेळगावच्या शृंगारकथा लेखिका'.

निपाणीकर:
ओळ चांगली झाली. पण माझा 'चावट' कथेतनं काढू नका ताई.

वडगावची:
नाही काढत काका. तिसऱ्या भागात ती त्याला म्हणते, दोनदा.